खड्ड्यावर थांबलेला बुटक्या

माझी नात सात वर्षांची आहे आणि माझ्याबद्दल तिचं मत संमिश्र आहे. "आमची आज्जी गेम भारी खेळते, पण मध्येच तिला काहीतरी होतं," असं ती शाळेत सांगून आली. तिच्या बाईंनी मला फाटकाशी गाठून काळजीने विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"ठणठणीत आहे," मी म्हटलं. "फक्त खड्डा आला की थांबते."

बाईंना वाटलं मी शिरूरच्या रस्त्यांबद्दल बोलतेय. त्यांनी समजुतीने मान हलवली.

झालं असं, की मुलाने दिवाळीत टीव्हीला लावायची एक काडी आणली. बोटाएवढी काडी, तिच्यात जुने गेम ठासून भरलेले, सोबत बिनवायरचे दोन रिमोट. नातीने त्यातला एक लावला आणि ती टिंवटिंव सुरावट वाजली, तशी माझ्या हातातली मेथीची जुडी ताटात पडली. "आण इकडं," मी म्हटलं. पोरगी हसायला लागली. आज्जी आता रिमोट उलटा धरणार, अशी तिची खात्री होती. बघता बघता तिचं हसणं थांबलं आणि ती सरकत सरकत माझ्या मांडीला येऊन चिकटली.

गेम अगदी साधा आहे. एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे पळतो. वाटेत विटा, काटेरी किडे आणि खड्डे. पळायचं, उडी मारायची, पडलात तर पुन्हा पहिल्यापासून. नातीच्या मोबाइलवरचे गेम सारखे काहीतरी मागत असतात. हिरे घ्या, जाहिरात बघा, मैत्रिणीला बोलवा. खेळतेय की बाजार करतेय, कळत नाही. बुटक्या काही मागत नाही. म्हणून तो अजून गोड लागतो. इतक्या वर्षांनी माझ्या अंगठ्याला त्याची उडी पाठ आहे. विळीवर कांदा धरावा तशी.

पण एका ठिकाणी मी थांबते. सगळ्यात रुंद खड्डा येतो, वर एक ढग असतो, मागे तीन फुटक्या विटा. तिथं मी बुटक्याला उडी मारायला लावते, तो ढगापर्यंत पोचला की थांबायचं बटण दाबते, आणि बुटक्या अधांतरी राहतो.

"आज्जी, तू इथंच का थांबतेस गं? पुढं काय वाघ बसलाय का?"

"पुढं काय आहे ते मला माहीत नाही."

"मग जा ना!"

"जाईन," मी म्हणते. आणि कुकरची शिट्टी झाली असं सांगून उठते. कुकर लावलेलाच नसतो.

हा बुटक्या मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो गेम आहे हे माहीत नव्हतं. तो मेलेला माणूस आहे, अशी माझी समजूत होती.

माझं माहेर वडगाव रासाईचं, भीमेच्या काठचं. माहेरी मी धीट म्हणून प्रसिद्ध होते. ती प्रसिद्धी मीच केली होती. बारावीला इंग्रजीने घात केला, लगेच लग्न झालं आणि मी दौंडला आले, तेव्हा मी एकोणीस वर्षांची अर्धवट शहाणी होते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही असं मी नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. त्याने विचारलंही नव्हतं.

नवरा रेल्वेत, इंजिनांच्या शेडला. आम्ही लाईनीपलीकडे पत्र्याच्या खोल्यांच्या एका ओळीत राहायचो. भिंती इतक्या पातळ, की शेजारी पोह्यात मोहरी टाकली तरी आपल्या घरात तडतडायची. आमची खोली शेवटून दुसरी. शेवटच्या खोलीला कायम बाहेरून कुलूप. "तिथं कोण राहतं?" मी विचारलं तर नवरा म्हणाला, "राहतात एक बाई. दवाखान्यात आया आहेत. कुणात मिसळत नाहीत." एवढं बोलून तो डबा घेऊन निघाला. नव्या नवरीला सगळं सांगायची पद्धत नव्हती. तिनं आपलं आपण शोधून काढायचं आणि पस्तावायचं.

लग्नात आलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आमच्याकडे होता. अँटेना मात्र आमचा नव्हता. शेवटच्या खोलीवर एक अँटेना होता, त्याच्याच वायरीला नवऱ्याने आमची वायर जोडून घेतली होती. हे लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

दुपारी टीव्हीवर काही नसायचं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. तरी मी लावून बसायचे, घरात आवाज हवा म्हणून, आणि टीव्ही आपला आहे हे अधूनमधून बघायला बरं वाटायचं म्हणून. एक दिवस उगाच बटण पिळता पिळता मुंग्यांच्या आतून काहीतरी हललं. एक बुटका माणूस. डावीकडून पळत आला, एका काळ्या खड्ड्याच्या काठाशी थांबला, घुटमळला आणि सरळ आत गेला.

पडदा काळा झाला. पुन्हा तोच माणूस, पुन्हा डावीकडून. तसाच काठाशी घुटमळला. तसाच आत गेला.

मी बटण फिरवलं, तो गेला. परत आणलं, तो खड्ड्यात पडत होता.

आमच्याकडे नदीकाठी एक गोष्ट सांगतात. म्हणजे लहानपणी आम्ही एकमेकींना घाबरवायला सांगायचो. विहिरीत पडून मेलेला माणूस रोज त्याच वेळी येतो आणि पुन्हा पडतो. त्याला आपण मेलोय हे कळलेलं नसतं. मी त्या गोष्टीला सगळ्यांत मोठ्यानं हसणारी होते. आता टीव्हीसमोर पदर तोंडात कोंबून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्याही. नवरा घरी असला की दुपारी झोपलेला असायचा, टीव्ही लावायची सोय नव्हती. सांगितलं तर म्हणाला, "अगं, मुंग्याच असतील."

"मुंग्या उडी मारायला बघतात का?"

"तुझ्या घरच्या असतील," तो म्हणाला आणि कूस बदलली.

शेवटी मी सासूला सांगितलं. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायचं. आत्याबाई नात्यागोत्यात दृष्ट काढण्यात नावाजलेल्या. त्या मुद्दाम एसटीने दौंडला आल्या, डोळे बारीक करून टीव्हीभोवती फिरल्या, आणि मीठ-मोहरी-लाल मिरच्या मुठीत घेऊन त्यांनी टीव्हीची दृष्ट काढली. हो, टीव्हीची. आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची, सगळ्यांची नावं घेऊन. मग ते चुलीत टाकलं. मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त.

"काय न्हाई, नवी वस्तू हाय, डोळ्यावर येती लोकांच्या," असं म्हणून त्यांनी टीव्हीवर एक लिंबू ठेवलं. मी पुढचे कित्येक दिवस त्या लिंबाची जागा झाडून पुसून परत तिथंच लिंबू ठेवत होते. विज्ञान शाखेची विद्यार्थिनी!

लिंबाने फरक पडला नाही. उलट मला सवय लागली. भांडी घासून झाली की मी टीव्ही लावायची, मुंग्या बाजूला सारून त्याला शोधायची, आणि तो सापडला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं. आणि हळूहळू भीतीपेक्षा राग यायला लागला. काय हे! रोज मरायचं आणि शिकायचं काहीच नाही. कधी लवकर उडी मारायचा, कधी उशिरा. एकदा नुसताच काठाशी उभा राहिला, मला वाटलं आता विचार करतोय, तर चालत जाऊन पडला. त्या दिवशी माझा ताबा सुटला. मी टीव्हीच्या तोंडाशी जाऊन ओरडले,

"अरे मुडद्या, आत्ता मार की उडी!"

आणि भिंतीतून आवाज आला, "कुठनं मारू?"

मी अनवाणी बाहेर पळाले. अंगणात उभी राहून शेवटच्या खोलीकडे बघितलं. कुलूप. जाडजूड, पितळी, बाहेरून लावलेलं. मी तिथंच फरशीवर बसले. देवाचं नाव घ्यावं तर एकही आठवेना. आठवला तो बारावीचा इंग्रजीचा धडा.

मागच्या बाजूने चपलांचा आवाज आला. एक बाई वळसा घालून माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. चाळिशीच्या असतील. दवाखान्याची निळी साडी, केस ओढून बांधलेले.

"तूच वरडलीस ना? नवी नवरी ती तूच का?"

मी मान हलवली.

"मग सांग की नीट. कुठनं मारायची उडी? काठावरनं का आधी?"

अशी माझी आणि मावशींची ओळख झाली.

त्यांनी मला मागच्या दाराने आत नेलं. पुढच्या दाराला त्या मुद्दाम कुलूप घालून मागून आत जायच्या, म्हणजे कुणी दार वाजवून "काही कळलं का?" असं विचारायला येऊ नये. घर लख्ख. टीव्हीखाली एक टीव्ही गेम, वरच्या खाचेत पिवळी कॅसेट खोचलेली. खिळ्याला एका पोराचा शर्ट, इस्त्री केलेला. दप्तर. दप्तराच्या पट्ट्यावर पेनाने काढलेलं इंजिन.

त्यांचा मुलगा सहावीत होता. दौंडला तेव्हा गाडी आली की इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे, म्हणून गाडी बराच वेळ उभी राहायची. आणि इंजिन जोडताना बघायचं हे त्या पोराचं वेड. त्या दिवशी तो गेम खेळत होता. गाडीची शिट्टी ऐकली. त्याने बुटक्याला उडीतच थांबवलं आणि म्हणाला, "आई, बंद करू नको हां, आलोच."

आणि गेला.

"मंग?" मी विचारलं. किती मूर्ख मुलगी होते मी.

"मंग काय," मावशी म्हणाल्या. "न्हाई आला."

कुठल्यातरी गाडीत बसला असणार, असं पोलीस म्हणाले. कुठल्या, ते कोण सांगणार? दौंडहून गाड्या सगळीकडे जातात. मावशी सुट्टीच्या दिवशी फोटो घेऊन एकेका स्टेशनला जाऊन आल्या. मनमाड झालं, सोलापूर झालं. घरी टीव्ही चालूच. बुटक्या खड्ड्यावर, ढगाला हात लागलेला, तसाच लटकलेला. त्या म्हणायच्या, "म्या तिकडं बघून जेवायची आन् तिकडं बघून निजायची. म्हनलं, तेवढं तरी जिथल्या तिथं हाय."

मग गुरुवार आला. गुरुवारी आमच्याकडे लाईट जायची. लाईट गेली तसा बुटक्या गेला. लाईट आली तेव्हा तो अगदी सुरुवातीला उभा होता, जणू काही झालंच नव्हतं.

त्या गेममध्ये काही साठवून ठेवायची सोय नव्हती. बंद झालं की पहिल्यापासून. म्हणून मावशी खेळायला शिकत होत्या. पोरगं येईपर्यंत बुटक्याला परत त्याच जागी नेऊन उभं करायचं होतं. त्यांनी "बंद करणार नाही" असं म्हटलं होतं ना. आजवर त्या पहिल्या खड्ड्याच्या पुढे गेल्या नव्हत्या. मी जो भूत म्हणून रोज मरताना बघत होते, त्या मावशी होत्या. त्यांच्या अँटेनाच्या वायरीतून त्यांचा गेम आमच्या टीव्हीत झिरपत होता, हे नवऱ्याने नंतर मला समजावून सांगितलं आणि वायर काढू का, असं विचारलं. मी म्हटलं, हात लावून बघा.

त्या दिवशी निघताना मावशी म्हणाल्या, "एक सांगू? त्याला मुडदा म्हणत जाऊ नको."

मी नसलेल्या चपला पायाने शोधायला लागले.

"आन् मेला बी म्हनायचं न्हाई. पोरं म्हणतात, मेला मेला. पडला म्हणायचं. पडला की उठतो."

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुपारी मागच्या दाराने जायला लागले. मावशी तांदूळ निवडायच्या, मी खेळायचे. मग मी निवडायची, त्या खेळायच्या. त्यांचा हात कामाचा होता, लोकांना पलंगावरून उचलायचा हात, तो बटण असं दाबायचा की रबर आत जाऊन बसायचं. माझा हात मात्र बसला. इंग्रजीत नापास, बुटक्यात पहिली. एक खड्डा, दुसरा खड्डा, काटेरी किडे. मावशी शेजारून, "दम धर… दम धर… हाण!" त्यांना प्रत्येक ढग पाठ होता. खेळता येत नव्हतं, पण पोराच्या मागे बसून भाजी निवडताना किती वेळा बघितला असेल तो रस्ता.

शेवटी एके दुपारी मी रुंद खड्ड्याशी पोचले. हात घामाने भिजलेले. उडी मारली आणि थांबायचं बटण दाबलं.

मावशी पडद्याजवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई. ह्या परास वर व्हता. हात ढगाला टेकला व्हता."

पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी तो जास्त वर गेला. तिसऱ्या दिवशी मागच्या विटा दोनच फुटल्या. "तीन फोडल्या व्हत्या त्यानं," मावशी म्हणाल्या. मी मनातून चिडायची. एवढासा बुटका, टीचभर उडी, कुणाला काय कळणार आहे? हे बोलले नाही, एवढीच माझी त्या वयातली अक्कल.

आणि एका शुक्रवारी जमलं. तीन विटा, ढग, हात टेकलेला. मी बटणावरचं बोट काढलं आणि श्वास सोडायला विसरले. मावशींनी पडद्यावर तळहात ठेवला. पडदा चटचटला. उठल्या, मागच्या दाराने बाहेर गेल्या, आणि मग मला पुढच्या दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. दार आत ढकलून त्यांनी ते सताड उघडलं. ऊन थेट टीव्हीपर्यंत आलं.

"आता कुलूप नको," त्या म्हणाल्या. "आला तर त्याला वाटंल, घरी कुणी न्हाई."

मग तो क्रमच झाला. गुरुवारी लाईट जाणार, बुटक्या जाणार, शुक्रवारी मी त्याला परत वर नेऊन टांगणार. झालं की मावशी फुटाणे आणि गूळ हातावर ठेवायच्या. ओळीतल्या बायकांना वाटायचं, आमचं शुक्रवारचं कसलं तरी व्रत आहे. एकीने मला हळूच विचारलं, "उद्यापन कधी करायचं असतं गं ह्याचं?" मी काय सांगणार?

आठवडाभर तो आमच्याही टीव्हीत असायचा. बातम्यांच्या मागे, सिनेमाच्या गाण्यामागे, फिका, मुंग्यांनी खाल्लेला, एक हात वर करून. पाहुणे म्हणायचे, तुमच्या टीव्हीत सावली येते. मी म्हणायचे, हो, शेजारच्यांची आहे.

मग मला दिवस गेले, नवऱ्याने शिरूरकडच्या एका कारखान्यात काम धरलं आणि आम्ही दौंड सोडलं. निघायच्या दिवशी टेम्पो भरत होते आणि मी मावशींच्या दारात उभी. म्हटलं, "आता शुक्रवारी कसं करणार तुम्ही?"

"बघीन की. इतके दिस बघितलंय तुझं." मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "ह्याला सांग, कुठं जाताना आईकडं बघून जायचं."

शिरूरला आम्ही नवा टीव्ही घेतला, रंगीत. तरी दुपारी मी मधूनमधून मुंग्यांचं चॅनेल लावायची. वेडेपणाच. कुठं दौंड, कुठं शिरूर, मध्ये भीमा आहे, न्हावऱ्यापर्यंतचा सगळा ऊस आहे. एका शुक्रवारी मुलगा पाळण्यात होता आणि मुंग्यांच्या आत मला तो दिसला. खड्ड्यावर, हात वर. मी जवळ गेले तर नव्हता. डोळ्यांना सवय लागते म्हणतात. असेल. पण त्या दिवशी मी उगाच पुढचं दार उघडून ठेवलं, आणि नवरा आल्यावर ओरडला की मांजर दूध पिऊन गेलं.

मावशींचा गेम पुढे जळाला, हे मला एका लग्नात भेटल्या तेव्हा कळलं. "जळाला कवाच," त्या पंगतीत जिलबी मोडत म्हणाल्या. कसा, कधी, तेव्हा बुटक्या कुठं होता, हे मी विचारलं नाही. मुलगा आला नव्हता, हे विचारायची गरज नव्हती.

तर ही काडी आली आणि माझं खड्ड्यापाशी थांबणं पुन्हा सुरू झालं. नात रोज चिडायला लागली. शेवटी एक दिवस मी तिला म्हटलं, "चल, हा गेम ज्यांचा आहे त्यांच्याकडे जाऊ. त्यांना विचारू, पुढं जायचं का." काडी आणि रिमोट पिशवीत घातले आणि आम्ही एसटीत बसलो.

मावशी त्याच जागी राहतात. पत्रा जाऊन स्लॅब पडलाय, एवढंच. कानाने जड झाल्यात, पाठीत वाकल्यात. पुढचं दार उघडं होतं. नातीला जवळ ओढून त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"ही तुझी नात व्हय? तुझ्यावानी वरडती का?"

"जास्त," नात म्हणाली.

भिंतीवर मोठा टीव्ही होता, मालिका बघायला भाच्याने बसवून दिलेला. नातीने काडी खोचली. सुरावट वाजली तशा मावशी हातातलं पाण्याचं भांडं तोंडाशी तसंच धरून बसल्या. प्यायल्या नाहीत. बुटक्या आता रंगीत होता. मावशींनी त्याला कधी एवढा मोठा पाहिला नसेल.

नात भराभर गेली. आजकालची पोरं. पहिला खड्डा, दुसरा, किडे. "दम धर," मावशी पुटपुटल्या. विटा आल्या. एक फुटली, दुसरी, तिसरी. मी म्हटलं, "थांब इथं." नातीने उडी मारून थांबवला. हात ढगाला टेकलेला. ढगाचं मी काही सांगितलं नव्हतं तिला. तिने मला इतक्यांदा बघितलं होतं, तिचं बोट आपसूक तिथंच गेलं.

मावशींनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

नात चुळबुळ करायला लागली. रिमोट खाली ठेवला आणि दाराकडे पळत, टीव्हीकडेच बघत म्हणाली, "आज्जी, मी शू करून आले. बंद करू नको हां, आलेच."

ती गेली. मागच्या दाराचा आवाज झाला. मग कसलाच नाही. स्टेशनवर कुठल्यातरी गाडीची घोषणा झाली, इंजिनाने शिट्टी दिली. मोरी तर तिथंच, मागच्या पडवीत होती. मी उठायला लागले.

मावशींनी माझा पदर धरला. "बस."

"बघून येते नुसतं."

"बस गं. पानी वतती असंल."

आम्ही दोघी बसलो. टीव्हीत बुटक्या, हात वर. मावशी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "त्यानं बी असंच केलं व्हतं. माझ्याकडं बघितलंच न्हाई. तोंड टीव्हीकडं, आन् मला म्हणला, आलोच." त्यांनी स्वतःच्या गालाला बोट लावलं. "मला त्याचा गाल दिसला नुसता. ह्या बाजूचा."

हे त्यांनी मला त्या सगळ्या शुक्रवारांत कधी सांगितलं नव्हतं.

मागचं दार वाजलं. नात आली, हात फ्रॉकला पुसत, एका खांद्यावर कुणाचं तरी मांजराचं पिल्लू. "बघ ना, किती गोड!" पिल्लू मावशींच्या मांडीत टाकून तिने रिमोट उचलला आणि मी काही म्हणायच्या आत थांबायचं बटण पुन्हा दाबलं. हात ओले होते. बुटक्या ढगावरून खाली आला, काठाला नुसता पाय लागला, आणि आत गेला. तीच पडण्याची सुरावट.

"ईऽऽ, मेला!" नात म्हणाली.

मी मावशींकडे बघायचं टाळलं. पिल्लाची घुरघुर ऐकू येत होती.

"व्हय," मावशी म्हणाल्या. "मेला."

त्यांनी ते दुसऱ्यांदा, हळू म्हटलं, जसं एखादं नाव नीट लागतंय का ते बघावं. मग पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला. "आन इकडं ते."

बुटक्या पुन्हा डावीकडे, सुरुवातीला उभा होता. मावशींनी रिमोट त्याच जुन्या जोराने दाबला. बुटक्या पळाला, पहिल्या खड्ड्याच्या काठाशी आला, घुटमळला आणि सरळ आत गेला.

"अगं पणजी, उडी मारायची असते!" नात किंचाळली.

"कुठनं मारू?" मावशी म्हणाल्या, आणि मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

चहा झाला. नातीने दोन-तीनदा रुंद खड्डा पार करून दाखवला. पलीकडे विटाच होत्या, किडेच होते. मावशींनी बघितलं आणि "हां" म्हणाल्या. एसटीची वेळ झाली. मी पिशवी घेतली आणि जुन्या सवयीने विचारलं, "मावशी, काडी ठेवून जाऊ का? चालू ठेवू?"

त्यांनी टीव्हीकडे बघितलं. बुटक्या कुठंतरी मध्येच उभा होता, नातीने अर्धवट सोडलेला.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "घिऊन जा ते. मला मालिका बघायचीय."

मी बटण दाबलं. काळ्या काचेत आम्ही तिघी दिसलो, आणि मावशींच्या मांडीवरचं पिल्लू. नात बाहेर पळाली. मी तिच्यामागे निघाले आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून दार ओढून घेतलं.

आतून मावशी म्हणाल्या, "दार राहू दे गं."

मी दार पुन्हा सताड उघडलं आणि वाऱ्याने लागू नये म्हणून खाली एक वीट सारून ठेवली.